बेलभंडाराची मुदत

मी, नागोजी सटवाजी घोरपडे, वय ५८, गुप्त पोलीस खात्याचा निवृत्त जमादार, राहणार केशवापूर, हुबळी. शरीराने खंगलो असलो तरी डोके शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो ती अशी :

राहते घर मुलगी शांता हिचे. माझे आजारपण तिनेच काढले. दुसऱ्या कोणी त्यावर हक्क सांगू नये.

चिरंजीव यशवंत यास लोकरी कोट व सायकल. बाप रेल्वेत आहे, असे तो आजवर लोकांना सांगत आला. थापा मारण्याची विद्या त्याला माझ्याकडून आधीच पोचली आहे.

खात्याचे चांदीचे पदक अळणावरजवळच्या वाडीतील परशुराम गावडे यास द्यावे. तो ते फेकून देईल. फेकू द्यावे.

कारण असे. बेचाळीसच्या चळवळीत त्या वाडीच्या रानात लपलेल्या पोरांशी सरकार उघडपणे बोलणार नव्हते. साहेबांनी मला गुपचूप पाठवले. पोरांच्या वतीने, त्यांना न कळवता, परशुराम बोलला. परशुरामाने आपल्याच शब्दावर पोरांना हत्यारे टाकायला लावावे, कोणी फासावर जाणार नाही, वाडीवरचा दंड माफ, असे ठरले. सरकारने वाटाघाट केली हे मात्र पोरांनाही कळता कामा नये. जिवात जीव असेपर्यंत बोलणार नाही, अशी शपथ घेऊन आम्ही दोघांनी देवापुढे बेलभंडार उचलला. सरकारने शब्द पाळला आणि अहवालात 'शरणागती' लिहिले. वाडीने परशुरामाला माझ्यासोबत पाहिले होते. तो फितूर ठरला.

यंदा पोरे सुटून आली, त्यांच्या गळ्यात हार पडले. परशुरामाच्या मुलीला, लीलाला, अजून स्थळ येत नाही. मी त्याला म्हणालो, आता सांगून टाकू.

"नको अण्णा. देवाम्होरं उचललाय. तुमी हाय तवर तुमी गप, मी हाय तवर मी गप."

त्याच्यापुढे मला फार लहान वाटले.

मेल्यावर माझी शपथ सुटते. म्हणून माझे प्रेत उचलण्याआधी यशवंतने वाडीच्या चावडीवर, आपण कोणाचा मुलगा हे आधी सांगून, हा कागद मोठ्याने वाचावा. पोरांना समोर बसवावे. अग्नी त्यानंतर.

शांते, तू रोज मठात जाऊन माझ्यासाठी आयुष्य मागतेस. मी जगेन तितके दिवस तो फितूर राहील. बाळ, आता मागू नकोस.

सही : नागोजी सटवाजी घोरपडे

साक्षीदार (मजकूर झाकलेला होता, सही आमच्यासमोर झाली) :
१. गुरुराज देशपांडे, शेजारी
२. गणपत शेट, किराणा दुकानदार

हुबळी, ता. ९ डिसेंबर १९४६