बाह्यांवरची बटणं

अब्बा, एका इंग्रजी वाक्याचा अर्थ मला या आठवड्यात कळला. तुम्ही असताना तो सांगता आला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. घरात आपण दखनी बोलायचो, पण लिहायचं म्हटलं की मला मराठीच सुचतं. तुम्हीच मला मराठी शाळेत घातलं होतं. तुम्ही मराठी वाचायचात ते दुकानांच्या पाट्यांपुरतं, एकेका अक्षरावर थांबत. हे एवढं वाचायला तुम्हाला अख्खी दुपार लागली असती.

मी आता चितेगावच्या एका कारखान्यात शिलाईचा विभाग सांभाळते. गाड्यांच्या सीटची कव्हरं होतात तिथं. कामाच्या सूचना हल्ली मोबाइलवर इंग्रजीत येतात, म्हणून आठवड्यातून दोनदा कॅन्टीनमध्ये इंग्रजीचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. त्या फळ्यावर एक वाक्य लिहितात आणि म्हणतात, शब्दांचे अर्थ नकोत, वाक्य काय म्हणतंय ते सांगा. सगळे शब्द ओळखीचे असतात आणि तरी वाक्य हाती लागत नाही. असं कसं होतं, याचं मला अजून नवल वाटतं. परवा फळ्यावर ‘अनलेस’ आला आणि मला तुमचं छावणीतलं टेलरिंगचं दुकान आठवलं, आणि तो तपकिरी कोट.

मी सहावीत होते. इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं, म्हणजे माझी अक्कल एका वर्षाची. पण आपल्या घरात तेवढीही कुणाला नव्हती, आणि छावणीतली निम्मी गिऱ्हाइकं कपड्याला इंग्रजी चिठ्ठी टाचून पाठवायची. शाळा सुटली की मी दुकानात यायची, चिठ्ठ्या वाचायची, आणि तुम्ही शेजारच्या टपरीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचात, “हमारी बेटी इंग्लिश पढती.” त्या दिवशी एका निवृत्त साहेबांच्या घरून कोट आला होता. साहेब त्याच वर्षी वारले होते. मॅडम आजारी होत्या, त्यांच्या स्वयंपाकिणीनं कोट आणून ठेवला, नातवासाठी लहान करायचाय एवढं सांगितलं, बाकी चिठ्ठीत आहे म्हणाली आणि गेली.

चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘शॉर्टन द स्लीव्ह्ज अनलेस द बटन्स हॅव टु गो.’ मी ती हातात धरून उभी आहे. तुम्ही चष्म्यावरून बघताय. “क्या लिखे बेटा?” शॉर्ट म्हणजे आखूड, स्लीव्ह म्हणजे बाही, गो म्हणजे जाणं. मधला तो लांब शब्द मला येत नव्हता, पण त्याच्या पोटात ‘लेस’ दिसत होता आणि लेस म्हणजे कमी, हे मला पाठ होतं. मी सांगितलं, “बाह्या आखूड करा. बटणं कमी करा, ती गेली पाहिजेत.” तुम्ही विचारलं, “पक्का?” मी म्हणाले, “हौ, पक्का.”

तुम्ही बटणं उसवायला घेतली. प्रत्येक बाहीवर तीन, चामड्याची. ती वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं, वेडीवाकडी लावलेली होती. “कौन अनाडी टाके मार्या रे,” असं तुम्ही हसत म्हणालात. मग खडूनं खूण केली आणि कात्री चालवली.

दोन दिवसांनी मॅडम स्वतः आल्या. कोट हातात घेतला, बाही उलटी केली, सुलटी केली, आणि समोरच्या लाकडी बाकावर बसून राहिल्या. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “ये बटन साहब ने खुद लगाया था. चिठ्ठी किसने पढा?”

मी तुमच्या मागं उभी होते. तुम्ही वळून बघितलंसुद्धा नाही. “मैंच पढ्या मॅडम. गलती मेरीच है.” तुम्हाला इंग्रजीतलं ‘ए’ सुद्धा ओळखू येत नव्हतं, हे सबंध बाजाराला माहीत होतं.

त्या गेल्यावर मला वाटलं, आता तुम्ही ओरडाल. तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवलात, मला अर्धा कप दिलात आणि विचारलंत, “समझ में नै आया था ना?” मी मान हलवली. “तो नै आया, इत्ता बोलने को कैकू डरी? मैं किसी और से पूछ लेता.” एवढंच. आजवर मला कुणी इतक्या हळू आवाजात बोललेलं नाही, आणि इतकं लागलेलंही नाही.

मग तुम्ही चिंध्यांच्या पोत्यातून कापलेले दोन्ही तुकडे शोधून काढलेत. कोटाच्या आतल्या शिलाईतले धागे ओढून घेतलेत आणि दुकानाच्या दारात उजेडाला बसून, दुसरी सगळी कामं बाजूला ठेवून चार दिवस रफू करत राहिलात. बटणं परत लावताना वाकडी लावलीत, पहिल्यासारखी. मी विचारलं, सरळ का नाही? तुम्ही सुईत पुढचा दोरा ओवायला घेतलात.

मॅडम कोट न्यायला आल्या. त्यांनी बाहीवरून बोट फिरवलं, जोड शोधत असाव्यात. मग इंग्रजीत म्हणाल्या, ‘यू शुडन्ट हॅव.’ पुन्हा एकदा तेच म्हणाल्या, आणि कोट छातीशी धरून निघून गेल्या. तुम्ही विचारलंत, “क्या बोली?” शुडन्ट आम्हाला शिकवून झाला होता, नको, करू नये. या वेळी मला खात्री होती. मी म्हणाले, “तुम्ही असं करायला नको होतं, म्हणाल्या.” तुम्ही फुटपट्टीनं टेबलावरचे धागे गोळा करत राहिलात. “सच बोली. पैले पूछनाच था.” त्याच महिन्यात त्या घर सोडून मुलाकडे राहायला गेल्या. पुढं कितीतरी वर्षं दुकानात इंग्रजी चिठ्ठी आली की तुम्ही तो कोट आठवायचात आणि म्हणायचात, मॅडम नाराज होऊन गेली.

त्यानंतर तुम्ही माझ्याकडून इंग्रजी शिकायला लागलात. रोज तीन शब्द. एका वहीत उर्दू अक्षरांत लिहून घ्यायचात आणि उलटतपासणी करायचात. लेट आउट म्हणजे कपडा सैल करणं, तर आउट कुठून आलं? “कपडा क्या कैद में था?” मला हसूही यायचं आणि कंटाळाही. तुम्ही एकदा म्हणालात, तू मला इंग्रजी दे, मी तुला अलिफ बे देतो. मी म्हणाले, परीक्षा आहे. पुढं परीक्षा संपल्या तरी मी बसले नाही. ती वही माझ्याकडे आहे आणि मला ती वाचता येत नाही. गेल्या रमजानात शेजारच्या चाचींकडून दोन पानं वाचून घेतली. ‘अनलेस’ समोर तुम्ही अर्थ लिहिलाय, “ठैरो.” बटणं काढावी लागणार असतील तर ठैरो, बाह्या कापू नका, एवढंच ती चिठ्ठी सांगत होती. मला शब्दकोशात इतका नीट अर्थ सापडला नाही. हा तुम्ही कुठून काढलात? कुणाला विचारलंत? मी तर सांगितला नव्हता.

मंगळवारी वर्ग संपल्यावर मी बाईंना सगळी हकीकत सांगितली आणि ‘यू शुडन्ट हॅव’चा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, “अहो काकू, कुणी आपल्यासाठी फार कष्ट घेतले ना, की असं म्हणतात. कशाला इतकं केलंत! हे तर आभार झाले.” मी तिथंच खुर्चीवर बसले. मग त्या म्हणाल्या, कधीकधी रागावूनही म्हणतात, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. त्या मॅडमचा चेहरा कसा होता?

मी म्हणाले, हसत होत्या.

अब्बा, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं. तुमच्या पाठीमागं उभी राहून मी पूर्ण वेळ त्यांच्या हातांकडेच बघत होते.