आपणहून फुटलेलं लिंबू

रविवार, संध्याकाळ. नवीन पनवेल.

उद्या शोरूमला कळवायचंय, माझी स्पोर्ट्स कार गिअरची हवी की ऑटोमॅटिक. आणि माझ्या डोक्यात ते लिंबू!

शेजारच्या रूपेशने आज हीच स्पोर्ट्स कार आणली, ऑटोमॅटिक. पूजेसाठी चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. त्याची आई नारळ फोडायला वाकणार, तेवढ्यात याने ब्रेकवरचा पाय जरा सैल केला. ॲक्सिलरेटर न दाबताच गाडी आपली चालायला लागली. पच्चकन लिंबू फुटलं.

"आरं, नारल फुटला नाय अजून! गारी कोनी चालवली?" काकू ओरडल्या.

"मी काय नाय केला, आई. तीच गेली."

सगळे हसले. मीही हसले. पण 'तीच गेली' म्हणजे काय? मग चालवणारा कोण?

हे म्हणतात, "कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून गुडघा दुखेल, तेव्हा माझी आठवण काढशील." खरंय. शिवाय ऑटोमॅटिक पळतेही जास्त, मी चालवून पाहिलीय. मग अडतंय कुठे? वेग हवाय, की तो माझ्या हातापायांतून निघायला हवाय?

पुन्हा लिंबूच.

गिअरचीच घेते. पूजेला क्लच चुकून सगळ्यांसमोर बंद पडली तरी चालेल. निदान बंद तरी मीच पाडलेली असेल.