सोबत असलेली बाई

नंदुरबार
२४ जुलै २०२५

प्रिय धनुफुई,

तुला वाकून नमस्कार. तुझ्या हातून आजवर किती बाळंतपणं झाली? काल आमच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही. तू माझी आत्या, तुझ्याच घरात वाढले, पण कधी विचारलंच नव्हतं.

मी बरी आहे. ड्यूटी जमते. बाबांनी दारावर माझ्या नावाची पाटी लावली म्हणे, पुढे 'बीएस्सी नर्सिंग'. लावू दे.

कॉलेजच्या सुटीत मी तुला एक इंग्रजी शब्द सांगितला होता. सुईणीला ते मिडवाइफ म्हणतात. त्यातला 'वाइफ' म्हणजे बायको नव्हे. जुन्या इंग्रजीत नुसती बाई. आणि 'मिड' म्हणजे सोबत. बाळंतिणीच्या सोबत असलेली बाई. त्या शब्दात बाळ नाही, नाळ नाही, कात्री नाही. फक्त सोबत आहे. परीक्षेत मी हे लिहिलं, पूर्ण गुण मिळाले. तू भाकरी थापत म्हणालीस, "संगे नही ऱ्हावानं, ते मंग जावानं कसाले?"

फुई, त्या मंगळवारचं लिहायचं टाळत होते.

हल्ली तू घरी बाळंतपण करत नाहीस. बाईला गाडीत घालून स्वतः दवाखान्यात आणतेस, आणि बाळ अंगावर प्यायल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीस. तशीच रुपाला घेऊन आलीस. मागून स्टाफपैकी कुणी हसलं, "आली दाई!" आणि मी तुला ओळख न देता म्हणाले, "बाई, बाहेर थांबा."

तू माझ्याकडे पाहिलंस. "बरं ताई. मी भायेर बठस."

माझी लाज तू झाकलीस. आत रुपा ओरडत होती, "धनुमाय कोठे शे?" आणि मी, पूर्ण गुणांची, तिला श्वास घ्यायला शिकवत होते. तू चार तास बाकावर तहानलेली बसलीस.

काल सगळ्या स्टाफसमोर मी सांगितलं: मी बाहेर बसवलेली बाई माझी सख्खी फुई आहे. माझी फी तिने भरली. ती बाईला एकटी सोडत नाही, आणि मला तिचा अभिमान आहे. मग मॅडमनी सुरुवातीला लिहिलेला तो प्रश्न विचारला आणि बाळंतिणीच्या सोबतच्या बाईला आत घ्यायची मी मागितलेली परवानगी दिली.

आज सकाळी पहिलटकरणीबरोबर तिची मावशी फुलवंताबाई आली. दाराशी आपणहून थांबली. मी तिचे हात धुतले, अंगात गाऊन घातला आणि तिला आत नेऊन पोरीच्या उशाशी बसवलं.

तुझी भाची,
ममता