जीपच्या सीटवरची बाहुली

९ नोव्हेंबर, रविवार

केलं! नाही कराले पाह्यजे होतं — पण केलं. मोठेबाबाच्या जीपच्या सीटवर करणी ठेवली!

खरी नाही बे. चिंधीची बाहुली, तिच्या पोटात टाचण्या, बाजूले शेंदूर फासलेलं लिंबू. दुपारी सगळे बांधीत धान कापत होते, मी "पोट दुखते" म्हणून घरी. बाहुलीले कोळशानं डोळे काढले तं ती अतुलदादासारखी दिसाले लागली. एकटाच हासत बसलो.

अतुलदादा म्हंजे मोठेबाबाचा पोरगा, माहा चुलतभाऊ. साकोलीले दुकान, अंगावर कायम इस्त्री. त्यानंच जीप विकाचं काढलं. "बाबाले आता दिसत नाही. मागच्या महिन्यात गाडी सरळ बोडीच्या पाण्यात उतरवली! कागदं बी कवाचेच संपले. एखाद्या दिवशी मरतीन त्या डबड्यात." नागपूरचा कोणी योगेंद्र साहेब हाये, जुन्या जीपा जमा करते. मंगळवारी पाहाले येते.  मोठेबाबाच्या हातात भाताचा घास तसाच राहिला.

डबडं म्हणे! बारावीत दोनदा नापास झालो मी, पण त्या जीपचे दोन लहान दांडे — एक पुढची चाकं जोडाचा, एक ताकद वाढवाचा — डोळे झाकून टाकतो. या घरात मले "निकेश, तुले येते" असं फक्त त्या गाडीत बसल्यावर कोणी म्हणते. ते बी मोठेबाबाच.

करणीची गाडी कोण घेईल? साहेब उलट्या पायानं नागपूर!

१० नोव्हेंबर

सकाळी अतुलदादाची माय, माही मोठीमाय, सडा टाकाले गेली आन असी किंचाळली का कोंबड्या छपरावर! सारी गल्ली जमा. मी बी डोळे चोळत गेलो, "काय झालं, काय झालं" करत. मंडईच्या जत्रेतल्या नाटकात मले राजा करत नाही हे लोक. पाहा म्हणा माही अ‍ॅक्टिंग!

मोठेबाबा बाहुलीकडे नुसते पाहत होते. लय वेळ.

मंग शेजारची एक बाई बोलली — "आगं माय, हा काठ तं शकुनीच्या लुगड्याचा!"

मेलो!

चिंधी मी कुंपणावरून ओढली होती. बाभळीच्या काट्याले लटकली होती, ओढली. कोणाचं कुंपण ते पाह्यलंच नाही. शकुनबाई म्हंजे गल्लीच्या टोकाची म्हातारी. नवरा नाही, पोरगी साकोलीले दिलेली. कंबरेतून वाकलेली, रानातून भाजी आणून विकते. हिरवं लुगडं, पिवळा काठ — एकच लुगडं, अख्ख्या सानगडी गावाले पाठ!

मोठीमाय म्हणे, "म्हणूनच गाडी बोडीत गेली. म्हणूनच तुमचे डोळे गेले. आता समजलं."

तवाच म्हणाले पाह्यजे होतं — मी ठेवली, गंमत केली. तोंड उघडलं बी. पण अतुलदादानं चप्पल पायातून काढली होती, कुत्र्याले माराले. माहं तोंड आपोआप बंद झालं.

११ नोव्हेंबर

योगेंद्र साहेब आला. अतुलदादानं त्याले करणीचं सांगतलंच नाही, पण मोठीमाय राहते का! तिनं सारं सांगतलं. साहेब हासला. "काकू, ही गाडी तोफेच्या गोळ्यासाठी बनली. लिंबाले काय भेते?"

झालं! माहा सारा डाव पाण्यात.

आन मंग तो पांढऱ्या शर्टानं सरळ गाडीखाली घुसला. चिखलात! बाहेर आला तं लहान पोरासारखा. "काका, चेसिस ओरिजिनल हाये!" मोठेबाबाचं तोंड पयल्यांदाच उजळलं. दोघं बोनटजवळ असे बसले जसे सोयरीक जमवून राहिले.

मोठेबाबा सांगे, अमेरिकेत मोठ्या लढाईसाठी ही जात बनवली. नदी, चिखल, डोंगर, कुठं बी जाईल अशी गाडी पाह्यजे होती. साहेब म्हणे, तवाच्या पुढच्या जाळीले नऊ खाचा, लढाईनंतर लोकायसाठी काढली तिले सात. मी खाचा मोजल्या — सात! आपल्या देशाले स्वातंत्र्य भेटलं त्या सुमारास मुंबईत महिंद्रानं हे जीप जोडाले घेतली. मंग मिल्ट्री, पोलीस, जंगल खातं, पाटबंधारे — जिथं रस्ता नाही तिथं जीप. "जीप" नाव कुठून आलं म्हणून दोघं भांडले बी. मोठेबाबाजवळच त्याच्या तीन गोष्टी हायेत, दर खेपेले नवी. साहेब म्हणे, कोणालेच पक्कं माहीत नाही.

साहेबानं मले इचारलं, "काय आवडते रे तुले हिच्यात?"

मी म्हटलं, "हिच्यात लपवलेलं काहीच नाही. काच पुढं पाडा, कापडाचा टप काढा, दरवाजे तं नाहीच. बिघडली तं पान्हा आन तार. बाकीच्या गाड्या रस्ता पाहून चालतात. हे ड्रायवर पाहून चालते."

साहेब अतुलदादाले म्हणे, "पोट्टा हुशार हाये." दादा म्हणे, "कामाचा असता तं!"

येत्या रविवारी मोठी गाडी घेऊन येते, जीप तिच्यावर चढवून नेते. पक्कं.

जीप बी गेली. आन शकुनबाईवर डाग तसाच.

१२ नोव्हेंबर

आज शकुनबाईची भाजी कोणीच घेतली नाही. पाटी भरलेली घेऊन परत गेली.

१३ नोव्हेंबर

आज धानाचे भारे आणाले जीप काढली. खालच्या बांधीत अजून चिखल हाये, ट्रॅक्टर फसते. मोठेबाबा ड्रायवर, मी बाजूले त्यायचे डोळे. "डावीकडे धुऱ्याचा बांध, मोठेबाबा. आता सरळ." चाक फसलं तं मी दोन्ही दांडे टाकले. गाडी गुरगुरली आन म्हैस उठते तशी हळूच उठून निघाली. मोठेबाबानं माह्या पाठीवर थाप मारली. "तुले येते बे."

तवा सांगाचंच ठरवलं. "मोठेबाबा, ते बाहुली —"

"बोलू नको. इंजन आयक."

"पण मोठेबाबा —"

"निकेश, आयक म्हटलं ना. रविवारपासून आयकाले भेटणार नाही."

मी इंजन आयकत राहिलो.

येताना मागं भाऱ्यावर मोठीमाय बसली होती. रस्त्यात शकुनबाई, डोक्यावर जळतण, वाकून वाकून येत होती. जीप दिसली तशी ते बाजूले उभी झाली आन मोळी खाली ठेवाले लागली. मोठेबाबा कायम थांबते तिच्यासाठी. माह्या जन्माआधीपासून थांबते. आज बी पाय ब्रेकवर गेला, मले दिसला.

मागून मोठीमाय — "थांबले तं मी उतरून जातो. सांगून ठेवतो!"

पाय उचलला. जीप पुढं गेली. मी वळून पाह्यलं. ते अर्धी वाकलेली, मोळी ना डोक्यावर ना जमिनीवर.

 मले भेव वाटून राहिलं. 

१४ नोव्हेंबर

दुसरी बाहुली!!

जीपच्या स्टेरिंगले बांधलेली. सकाळी अतुलदादाले दिसली. मी नाही ठेवली! आईची आण! माही बाहुली तं मोठीमायनं तवाच जाळली. हे पोत्याच्या तागाची हाये, डोळे नाही, टाचण्या नाही. मुंडकं सुतळीनं आवळलेलं. माही पाहून हासू येत होतं. हिले पाहून माह्या तोंडचं पाणी पळालं.

कोणी ठेवली? कोणाले माहीत हाये का पयली माही? का मले भेडावून राहिला कोणी? का... गमतीची करणी करता करता खरीच लागली? मी नाही मानत असं काही. दिवसा नाही मानत.

मोठीमाय रडून राहिली. अतुलदादा लाल झाला. "बस झालं! रविवारी साऱ्या गल्लीसमोर बसवू बुढीले." नदीपारचा कोणी पुजारी हाये, अंगातलं काढणारा, त्याले बोलावणं गेलं. तो कबूल करवतेच म्हणे. कसा करवते म्हणून इचारलं तं एक जण हासला आन बोलला, "चटके देल्ल्यावर मुकं बी बोलते."

मोठेबाबा ओसरीत बसले होते. त्यायनं हे आयकलं. बिडी पेटवत होते, तीन काड्या इझल्या.

१५ नोव्हेंबर

शकुनबाईकडे गेलो. मागच्या दारानं, भेकडासारखा.

"माय, तू साकोलीले पोरीकडे जाय. आजच जाय."

"काहून जाऊ? धान कापाचं हाये."

"उद्या ते लोक —"

"माहीत हाये मले. बहिरी नाही झाली अजून." ते भाजी निवडत होती. आंबट चुक्याची. कोणी घेत नाही तरी निवडत होती. "अरे पोट्ट्या, माह्या हातात करणी असती तं पयले माही कंबर सरळ नसती केली?"

मले हासू आलं आन लगेच रडू आलं. तिनं पाह्यलं माह्याकडे.

"तू काहून रडतं?"

"काही नाही. डोळ्यात कचरा."

"मंग धू आन जाय. इथं दिसला तं तुह्यावर बी येईल."

ते मले वाचवून राहिली होती! मले!

घरी जेवलो नाही. सांगतलं तं अतुलदादा हाडं मोडते. साऱ्या सानगडीत तोंड दाखवता येत नाही. आन सगळ्यात वाईट — बाहुलीचा खेळ उघडा झाला का कोणाले जीपची शंका राहत नाही, साहेब सुखानं घेऊन जाते. दुसरी बाहुली पाहून अतुलदादाच डळमळला होता, मोठीमायले म्हणे, "शांती झाल्याबिगर गाडी द्याची का?" म्हंजे मी चूप राहिलो तं जीप राहू शकते. शकुनबाई जळते, पण जीप राहते.

हे लिहिलं आन आपलाच हात खराब वाटला.

१६ नोव्हेंबर, रविवार

सांगतलं.

पुजारी यायच्या आधीच गल्ली भरली होती. शकुनबाईले पोत्यावर बसवलं. डोक्यावरचा पदर सारखा करत होती, जशी फोटो काढाले बसली. समोर शेगडी, तिच्यात विळा. मोठेबाबा खुर्चीवर, मान खाली.

मी मधात जाऊन उभा झालो.  फाटक्या आवाजात ओरडलो. "बाहुली मी ठेवली! जीप विकू नये म्हणून! चिंधी कुंपणावरून ओढली!"

कोणी मानलंच नाही. "हा भामटा, पुन्हा गंमत करून राहिला!" मी टाचण्या किती ते सांगतलं, शेंदूर कुठल्या डबीचा ते सांगतलं. मोठीमायनं डबी आणून पाह्यली. मंग मानलं.

"आन दुसरी?" एक जण बोलला. "दुसरी तं बुढीचीच!"

शेगडीतला विळा लाल झाला होता.

"दुसरी बी माहीच," मी म्हटलं.

अतुलदादानं चपलेनं झोडपलं. डावा कान अजून वाजून राहिला. "तुले पोलिसात द्याले पाह्यजे! जादूटोण्याचा कायदा हाये!" शकुनबाई उठली. वाटलं, सोडवाले आली. तिनं बी एक कानाखाली ठेवून देल्ली. सगळ्यायपेक्षा तिचीच लागली. मंग पोतं झटकलं, घडी केली, ज्याचं त्याच्या हाती देल्लं आन घरी गेली.

पुजाऱ्याले रस्त्यातूनच परत पाठवलं.

दुपारी साहेब आला. जी गाडी आजवर दुसऱ्यायले चिखलातून ओढून काढत आली, ते दुसऱ्याच्या पाठीवर दोरानं बांधून गेली. मोठेबाबा गोठ्यातून बाहेर आलेच नाही.

१७ नोव्हेंबर

जीपच्या रिकाम्या छपराखाली ऑईलचा काळा डाग हाये. तिथं बसलो होतो. मोठेबाबा आले, बाजूले बसले. कानाले हात लावून पाह्यला माह्या.

"दुसरी काहून आपल्या अंगावर घेतली बे?"

"म्हंजे?"

"ते तुही नव्हती."

"तुमाले कसं —"

ते आपल्या बोटाकडे पाहत राहिले. तागाचं काम करून सालटं निघालेली बोटं. मंग डोळ्यातून पाणी. "जीप मले बी जाऊ द्याची नव्हती. पण तो विळा तापत होता आन मी बसून होतो, निकेश. माही मान वर झाली नाही. तू उभा झाला."

माहे मोठेबाबा! तो पाय ब्रेकवरून उचलणारे, तेच!

वाचणाऱ्या, हे कोणाच्या बी हाती पडलं तरी पाया पडतो — सांगू नको. मोठीमायले नाही, अतुलदादाले नाही, शकुनबाईले तं मुळीच नाही. ते उद्या आपलं जळतण घेऊन येईल आन मोठेबाबा पायी जाऊन तिची मोळी घेणार हायेत. त्यायले घेऊ दे. दुसरी बी माहीच होती. हेच खरं. कोणाले सांगू नको.