‘रानवेध’मधले ते निवेदन कुणी काढू नये

मी, जानकी रघुवीर शेट्ये, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार सर्वण, तालुका डिचोली, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने मी जिवंत असेपर्यंत घरी येऊन खात्री करून घ्यावी.

१. गोव्याच्या कायद्याप्रमाणे माझ्या मालमत्तेचा अर्धा भाग माझ्या एकुलत्या मुलाचा, सिद्धेशचा आहे. तो मला दुसऱ्या कुणाला देता येत नाही आणि द्यायचाही नाही. सर्वणचे घर आणि नारळ-पोफळीचे कुळागर त्याने घ्यावे. नारळ पाडणाऱ्याशी भांडू नये, दुसरा मिळत नाही.

२. माझे दागिने सून मनीषाला द्यावेत. नवरा माझ्याशी बोलत नसताना ती दर गणेशचवथीला येते आणि माझ्या शेजारी बसून गणपतीच्या डोक्यावरची रानफळांची माटोळी बांधते. यासाठी तिने काय काय ऐकून घेतले असेल ते मला ठाऊक आहे.

३. उरलेला अर्धा भाग माझ्या मर्जीचा. त्यात मी सुरू केलेले आणि माझ्याच नावावर नोंदलेले ‘रानवेध’ हे संशोधन-त्रैमासिक येते. ते सगळ्या जुन्या अंकांसह आणि संकेतस्थळासह मी संपादनात माझ्या हाताखाली काम करणाऱ्या तनया गावस हिला देते. सूक्ष्मदर्शक व जनेलाकडचे, म्हणजे खिडकीजवळचे, मेजही तिलाच. तनया माझ्या नात्यातली नाही, म्हणूनच तिला देते. माझा स्वतःचा लेख तिने अपुरा म्हणून परत पाठवला होता. राग आला, पण तिचे बरोबर होते.

४. आता भांडणाचे. सिद्धेशने ‘रानवेध’कडे लेख पाठवला, तेव्हा आई म्हणून मी बाजूला झाले. सहसंपादक कृष्णनाथ परब यांनी तो दोन परीक्षकांकडे पाठवला. त्यांनी पसंत केला आणि छापून आला. हळर्णच्या डोंगरावर रानफळाची एक नवी जात सापडली, असे त्यात होते. छापील फोटो मी नीट पाहिला. देठाला केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीची, गाठ होती. चवथीच्या आधी डिचोलीच्या माटोळी बाजारात घोस बांधून विकतात, तीच गाठ. डोंगरावर झाडाला कुणी गाठी मारीत नाही. त्या बाजारात माल कुठून कुठून येतो, ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मी सिद्धेशला विचारले. तो म्हणाला, “आई, बाजारातलीं फळां डोंगरारसूनच येतात मगे? कोण पळोवक येता?”

कोण बघायला येते, तर मी आले होते. कृष्णनाथ आणि मी मिळून लेख मागे घेतल्याचे निवेदन कारणासकट पुढच्या अंकात छापले. त्या लेखावर मिळणारी सिद्धेशची बढती गेली. नातलगांनी मला वैरीण ठरवले. झाकून घेतले असते, तर त्याच अंकातले बाकीचे लेख कुणी कशाच्या जोरावर खरे मानायचे होते? मला पश्चात्ताप नाही. दुःख आहे, ते वेगळे.

५. बाहेरगावची एक कंपनी ‘रानवेध’ विकत घ्यायला टपली आहे. जुने अंक ‘स्वच्छ’ करून देऊ, म्हणजे ते निवेदन गाळू, असे तिने सिद्धेशला सांगितले आहे. माझ्यामागे ते होईल, असा त्याचा हिशेब आहे. तो चुकला आहे. तनयाने त्रैमासिक विकू नये. चालवणे जमेना तर बंद करावे, पण निवेदन जिथे छापले तिथेच राहील.

हा मसुदा वाचून कृष्णनाथ म्हणाले, “जानकीबाय, हें कलम सोड गे. झिलाक वायट दिसतलें.” त्याला वाईट वाटेल हे मलाही कळते. कलम राहील.

६. सिद्धेशने पुढे कधी नवा लेख पाठवला, तर तनयाने तो नाव झाकून दोन अनोळखी परीक्षकांकडे पाठवावा. कच्चा असेल तर परत करावा. खरा असेल तर पहिल्या पानावर छापावा, आणि मागचे काही उगाळू नये. माझा मुलगा म्हणून त्याला ‘रानवेध’कडून एवढेच मिळेल, जे कुणालाही मिळते. तो लेख यावा म्हणून मी अजून रोज टपाल स्वतः उघडते.

वरील मजकूर नोटरीसमोर मला वाचून दाखवला. सही स्वहस्ते करते.

जानकी रघुवीर शेट्ये

साक्षीदार:
कृष्णनाथ परब, हळर्ण, पेडणे (हरकत नोंदवून सही केली)
सखाराम नाईक, सर्वण

डिचोली, १४ ऑक्टोबर २०२५