चुलीची राख

संघरत्नादादा,

वर ‘सप्रेम जयभीम’ लिहायला हात धजला नाय.

आपल्या आईचे हात थरथरतात म्हणून डॉक्टरनं तिला नवीन गोळी सुरू केली, आणि तिला कोनाड्यात माणसं दिसायला लागली. ती म्हणाली, “सतीश, ही गोळी खाल्ली का दिसतात रे. डॉक्टरला सांग.” मी वयावर ढकललं आणि उंबरमाळीचा भगत घरात आणला. दीक्षा घेतल्यावर जिनं स्वतःच्या हातानं देव नदीत सोडले, तिच्या कपाळाला त्यानं माझ्यासमोर राख फासली.

तरी माणसं दिसतच राहिली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिला शहापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, “म्हाताऱ्या माणसांना या गोळीनं भास होतात. सुरू झाले तेव्हाच का नाही सांगितलंत?” मग त्यांनी तिच्या कपाळाकडे बघितलं. “हे काय लावलंय?”

“चुलीची राख,” आई म्हणाली. “फुंकताना उडली.”

गोळी बदलली. आता तिला कोणी दिसत नाय.

हे पत्र काय मी टाकणार नाय. वस्तीत कोणी तुला राखेचं बोललं आणि तू मला विचारलंस, तर मीपण चुलीचीच म्हणीन.

तुझा,
सतीश