लेकरू आईजवळ राहू द्या

ठाणाकुशनूर
५ जानेवारी २०२६

सौ. अंबिकाबाई विहीणबाईंना सत्यभामाबाईचा नमस्कार. वि. वि.

फोनवर बोललं की शिवकन्येला आतल्या खोलीत ऐकू जातं, म्हणून लिहिते. बाळंतविड्यातलं टोपडं नातीला अजून डोळ्यांवर येतं. तुमच्या घरच्या मापाची व्हायला तिला वेळ आहे. दूध पिते, वजनही भरतंय.

काळजी शिवकन्येची, तुमच्या सुनेची आहे. ती लेकराला पाजते, धुते, झोपवते, पण त्याच्याशी बोलत नाही. पाजताना भिंतीकडे बघते. रात्र रात्र झोप नाही. डोकं विंचरून देऊ का विचारलं, तर कामून, कशाला, म्हणते. आठव्या महिन्यात तिचे वडील गेले, तेव्हा गल्लीतल्या बायांनी तिला रडू दिलं नाही, पोटातल्या जिवाला लागंल म्हणाल्या. बाळंत झाल्यावर दूध बिघडंल म्हणून पुन्हा तेच. मीही तिच्यासमोर डोळे कोरडे ठेवले. आता ती रडत नाही आणि हसतही नाही.

लेकरू आधी तिच्या तोंडाकडे बघून हुंकार द्यायचं. आता मान फिरवून खिडकीकडे बघत राहतं. तीन महिन्यांचं पोर इतकं शहाणं असू नये, विहीणबाई.

पुढच्या महिन्यात सासरी पाठवायचं ठरलंय, ते जरा लांबवू द्या. जावईबापू व्यंकटरावांना एवढ्यात काही सांगू नका. लोभ आहेच, या दिवसांत थोडा जास्त ठेवा.

सत्यभामाबाई

नौबाद, बिदर
१५ जानेवारी २०२६

गं. भा. सत्यभामाबाईंना अंबिकाबाईचा नमस्कार. वि. वि.

सोबतचा तिळगूळ घ्यावा. गोड बोलणं मात्र आज मला जमणार नाही.

तुम्ही शिवकन्येला घेऊन बिदरला येऊन गेलात. नौबादला चहापुरतंही आला नाहीत. हे आमच्या शेजारणीनं सांगितलं, आणि कोणत्या दवाखान्यात बसला होता तेही सांगितलं. तुमची सून डोक्याच्या डॉक्टरकडं कामून बसली होती वं, असं तिनं भाजीच्या गाड्यावर चार बायांत विचारलं. मी काय सांगायचं होतं?

व्यंकटला कलबुर्गीला फोन करून सगळं सांगितलं. माझ्याच्यानं लपवणं होत नाही. त्यानं फोन मधेच ठेवला.

आमचं असं ठरलंय की शिवकन्येला बरं वाटेपर्यंत ती तुमच्याकडे राहील, लेकरू आम्ही आणतो. थोरल्या सुनेचं पोर अजून अंगावर पितं, तिचं दोघांना पुरेल. लेकरू खिडकीकडं बघतं असं तुम्हीच लिहिलंत. आमच्या घरात बघायला माणसं आहेत.

सव्वीस तारखेला गाडी घेऊन येते. राग आला तरी तो माझ्यावर ठेवा, पोरीवर नको. नातीवर माझाही जीव आहे.

अंबिकाबाई

ठाणाकुशनूर
१९ जानेवारी २०२६

सौ. अंबिकाबाईंना नमस्कार. वि. वि.

चहाला न येणं ही माझी चूक. शिवकन्येनं हात धरला, आत्याबाईंना हे तोंड कसं दाखवू म्हणाली, म्हणून परस्पर बस धरली.

डॉक्टरीणबाई तिला वेडी म्हणाल्या नाहीत. बाळंतपणानंतर कितीतरी बायांना असं नैराश्य येतं, औषधानं आणि मन मोकळं करण्यानं ते उतरतं, आणि दिलेली गोळी घेऊन दूध पाजता येतं, असं त्यांनी सांगितलं. मी लेकराचं विचारलं. त्या म्हणाल्या, लेकरू आवाज काढतं, आई उत्तर देते, अशा शेकडो वेळांतून त्याचा मेंदू घडतो. आई आतून खचली की उत्तर येईनासं होतं, मग लेकरूही विचारणं सोडतं. एवढं ऐकून शिवकन्या उठली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. बाई तिच्यामागं गेल्या. तुझा दोष न्हाई आणि उशीरही झालेला न्हाई, असं तिचा खांदा धरून म्हणाल्या.

घरी येऊन मी मिळेल ते वाचलं. तुमची बाजू धरूनही वाचलं. लेकराला बोलकी माणसं हवीत आणि ती आईच असली पाहिजे असं नाही, हे तुमचं खरं आहे. पण माणसं आईजवळ आणता येतात. लेकरू नेलं तर आपण त्याला बाधतो, एवढंच तिला कळेल. माझ्या घरातून एक माणूस गेलंय, अंबिकाबाई. दुसऱ्याची भीती मला कागदावर लिहवत नाही.

तुम्ही या. लेकरू उचलण्याआधी तिला विचारा. मी मधे बोलणार नाही. तोवर मनात किंतु ठेवू नये, ही विनंती.

सत्यभामाबाई

ठाणाकुशनूर
२९ जानेवारी २०२६

चि. व्यंकटास आईचे आशीर्वाद.

फोन तू मधेच ठेवतोस, म्हणून लिहिते. सगळं वाच.

गाडी रिकामी परत गेली ते कळलंच असेल. लेकराची पिशवी भरून झाली होती. शिवकन्या खाटेवर बसली होती. नेऊ का बाई, असं विचारलं. मला वाटलं व्हय म्हणंल. तिनं भरलेल्या पिशवीकडं बघितलं. मग म्हणाली, आत्याबाई, मला काहीच जमंना झालंय, पण तिला नेऊ नका. आणि वडिलांना हाका मारत रडायला लागली. मी सवयीनं दूध बिघडंल म्हणणार होते. तुझ्या सासूबाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी लेकरू तिच्या मांडीवर ठेवलं आणि पिशवी सोडली.

तेव्हापासून मी इथंच आहे. भाजीत कूट किती घालायचं यावरून आम्हा विहिणींचं रोज वाजतं. शिवकन्या दुपारी झोपते तेव्हा पोरीशी आम्ही दोघी बोलतो, मी कन्नडमध्येसुद्धा बोलते. ती उठली की पोर तिच्याजवळ देतो आणि तिथंच बसतो. गोळीचा गुण यायला दिवस लागतात म्हणे. अजून रात्री बसून असते.

काल पाजून झाल्यावर लेकरानं तिच्याकडं बघून तोंड उघडलं. शिवकन्या हसली नाही. पण तिनंही तोंड उघडलं. लेकरानं पुन्हा उघडलं. आम्ही दोघींनी भाकरी थापायची थांबवली. तव्यावरची करपली.

तू रजा काढून ये. बरं वाटायलंय का असं तिला सारखं विचारू नकोस, जवळ बस. पोर तुला अजून ओळखत नाही. रडली तर आमच्याकडं देऊन मोकळा होऊ नकोस, तिच्याशी बोल.

जिवाला जप, आणि उशीर लावू नकोस.

तुझी आई